सातारच्या गच्चीवर बुटका डायन्थस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आगेमागे साताऱ्यातल्या नर्सऱ्यांमध्ये झेंडू-शेवंतीच्या शेजारी काळ्या पिशव्यांत एक वीतभर उंचीचं रोप दिसायला लागतं. राखट हिरवी, गवतासारखी अरुंद पानं आणि वर कातरलेल्या कडांची गुलाबी, पांढरी, लालभडक फुलं. लोक हौसेनं घरी नेतात आणि संक्रांत यायच्या आत बऱ्याच घरी ते बुडातून कुजून गेलेलं असतं. मग "नाजूक आहे, आपल्याकडे येत नाही" असा शिक्का बसतो. हे रोप मुळीच नाजूक नाही. थंडी, वारा, थोडी उपासमार सगळं सोसतं; फक्त मानेशी, म्हणजे खोड मातीला टेकतं तिथे, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. खालची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेनं तिथेच येतात.

उत्तरं देताना सातारा शहर, कराड, कोरेगाव आणि सांगली-मिरजेच्या घरबागा डोळ्यांसमोर आहेत. महाबळेश्वर-पाचगणीचं पाणी आणि माती वेगळी, म्हणून तिथल्यांसाठी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

डायन्थस म्हणजे कार्नेशनच ना?

एकाच घराण्यातले. बुके आणि स्टेजच्या सजावटीत दिसतं ते लांब दांड्याचं कार्नेशन याच कुळातलं, पण ते आपल्या भागात पॉलीहाउसमध्ये, जाळीच्या आधारानं वाढवतात. घरच्या कुंडीसाठी ते नको. आपण बोलतोय त्या बुटक्या जाती कुंडीत स्वतःच्या पायावर उभ्या राहतात, काठी-दोरी काही लागत नाही. नर्सरीत 'डायन्थस' म्हणूनच मागा.

बुटका म्हणजे नेमका किती? आणि त्यातला आपल्याकडे कोणता येतो?

साधारण १० ते २५ सेंटिमीटर. पण उंचीपेक्षा महत्त्वाचं आहे ते रोपाचं मूळ गाव. डायन्थसच्या सुमारे ३०० जाती आहेत, बहुतेक युरोप आणि आशियातल्या, आणि त्यांतल्या बुटक्यांचे आपल्या दृष्टीनं दोन गट पडतात.

पहिला गट चिनी डायन्थसचा. हा मूळचा उत्तर चीन, कोरिया, मंगोलिया या पट्ट्यातला. बियांपासून तीन-साडेतीन महिन्यांत फुलावर येतो आणि फुलण्यासाठी त्याला कडाक्याची थंडी लागत नाही. साताऱ्याचा हिवाळा, म्हणजे रात्री १२-१४ अंश आणि दिवसा २८-३० अंश, त्याला अगदी मानवतो. याचा आणि स्वीट विल्यमचा (हीही डायन्थसचीच एक जात) संकर करून काढलेल्या बुटक्या जाती, उदाहरणार्थ 'टेलस्टार' किंवा 'आयडियल', आज सगळ्यात खात्रीच्या. उंची २० ते २५ सेंटिमीटर, फुटवे भरपूर, आणि एक बहर ओसरतोय तोवर दुसऱ्याच्या कळ्या तयार. पहिल्यांदाच लावत असाल तर डोळे झाकून यातलं काहीतरी घ्या.

दुसरा गट डोंगरी जातींचा. आल्प्स पर्वतात आणि युरोपातल्या चुनखडीच्या कड्यांवर वाढणारे हे डायन्थस. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते.

स्वीट विल्यमच्या बुटक्या जातीही मिळतात. पण मूळचं ते दोन हंगामांचं झाड, पहिल्या वर्षी पानं आणि थंडी खाल्ल्यावर दुसऱ्या वर्षी फुलं. पाकिटावर 'पहिल्याच वर्षी फुलणारं' असं लिहिलं असेल तरच घ्या.

फोटोत दगडांच्या फटींतून हिरव्या उशीसारखे दिसणारे इवलेसे डायन्थस असतात. ते साताऱ्यात जमतील का?

फोटोत दिसतात ते बहुधा डोंगरी गटातले. एक जात पूर्व आल्प्समधली. दुसरी इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या चेडर दरीतल्या चुनखडीच्या कड्यांवर सापडते, आणि त्याच गटातलं 'टायनी रुबीज' हे वाण जेमतेम बोटभर उंच होतं. याच कुळातलं 'फायरविच' अमेरिकेत २००६ साली वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं गेलं. फोटो बघून जीव लागतो, हे मी समजू शकते.

पण त्यांची घडण बघा. हिवाळाभर बर्फाखाली कोरडी झोप, वसंतात फुलं, उन्हाळा आपल्या फेब्रुवारीसारखा. त्यांना पुरेशी थंडी मिळाली नाही तर पानांची उशी छान होते, फुलं मात्र तुरळक येतात. त्यापुढे आपला एप्रिल-मे कसाबसा निघालाच, तर जूनमध्ये सतत भिजणारी हवा त्या दाट उशीला आतून कुजवते. ज्याला प्रयोगाची आवड आहे आणि जो रोज कुंडीपाशी जाईल त्यानं एखादं रोप जरूर आणावं. घरच्या बागेत रंग हवाय म्हणून लावणाऱ्यानं चिनी डायन्थसवरच थांबावं. तोही दगडांच्या फटीत लावला तर तितकाच देखणा दिसतो; कसा ते डोणीच्या प्रश्नात आहे.

साताऱ्यात लावायची नेमकी वेळ कोणती?

घट बसतात त्या आठवड्यात बी टाका. घटातलं धान्य आणि कुंडीतलं बी एकदमच रुजायला लागतं, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायची गरज नाही.

त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही. सप्टेंबरच्या शेवटी हस्ताचा पाऊस हमखास एक-दोन तडाखे देतो आणि उघड्यावर ठेवलेली कोवळी रोपं त्यात आडवी होतात. सांगली-मिरज बाजूला पाऊस कमी, पण ऑक्टोबरचं ऊन जास्त चटका देतं. तिथे दसरा उलटून आठवडाभर गेला की पेरलं तरी चालेल. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र बी टाकू नका. रोप वाढेल, पण ऐन फुलायच्या वेळी मार्चचं ऊन येईल आणि तीन महिन्यांचा बहर तीन आठवड्यांत आटपेल. उशीर झालाच असेल तर सरळ तयार रोपं आणा.

बी कसं पेरायचं?

बी काळं, चपटं आणि तिळापेक्षा लहान असतं. प्रो-ट्रे (रोपं करायचा खणाखणांचा ट्रे) असेल तर उत्तम, नसेल तर बुडाला भोकं पाडलेला मिठाईचा प्लास्टिकचा डबा. त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळ खत भरा, आधी ओलं करून निथळू द्या, मग बी टाका. वर दोन-तीन मिलिमीटर इतकाच कोकोपीटचा थर. त्यापेक्षा खोल गेलं की उगवण रेंगाळते.

आठवडा-दहा दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसले की त्याच दिवशी झाकण किंवा वर्तमानपत्र काढून टाका आणि डबा सकाळच्या उन्हात आणा. झाकून, ओलं ठेवून आणि सावलीत अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रोपमर ठरलेली: काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन लोळतं. मिश्रणात आधीच चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर हा धोका बराच कमी होतो.

खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की रोपं कुंडीत हलवा. पाच-सहा जोड्या झाल्या की शेंडा खुडा. खुडताना जीवावर येतं, पण एका शेंड्याच्या जागी चार फुटवे येतात आणि बुटक्या डायन्थसची सगळी शोभा त्या फुटव्यांत आहे.

नर्सरीतून रोप निवडताना काय बघायचं?

फुलं बघू नका, बूड बघा. पिशवीवर वाकून पानं बाजूला सारा आणि खोड मातीला जिथे टेकतं तिथे बोट लावा. ती जागा टणक आणि फिकट हिरवी हवी. तपकिरी, मऊ किंवा ओलसर लागली तर ते रोप कितीही फुललेलं असो, सोडून द्या. बऱ्याच नर्सऱ्यांत रोपं पिशवीत खोल गाडलेली असतात आणि रोज पाइपनं पाणी मारलेलं असतं. कूज तिथेच सुरू झालेली असते आणि दिसते आठवड्यानं तुमच्या घरी.

एखादंच फूल, भरपूर कळ्या आणि बुडापासून फुटवे असलेलं रोप सर्वांत चांगलं.

माती कशी भरायची?

इथे थोडं थांबून वाचा, कारण अर्धी बाग इथेच जिंकली किंवा हरली जाते.

डायन्थसला आम्लधर्मी माती आवडत नाही. सामू (pH) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान, म्हणजे तटस्थ किंवा जरासा चुन्याकडे झुकलेला हवा. ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. कृष्णाकाठची काळी माती आणि माण-खटावकडची चुनखडीची माती दोन्ही त्या अंगानं चालतात. बोअरच्या जड पाण्यावर गुलाब-जास्वंद पिवळी पडतात तिथेही डायन्थस सहसा तक्रार करत नाही.

अडतं ते निचऱ्यापाशी. काळी माती कुंडीत भरली की पाणी दिल्यावर लोण्यासारखी चिकटते आणि वाळल्यावर फटी पडून कडेनं सुटते. मग वरून दिलेलं पाणी कडेच्या फटीतून खाली निघून जातं, मधला गोळा एकतर ठणठणीत कोरडा राहतो नाहीतर आठवडाभर चिकचिकीत. डायन्थसची मुळं बारीक आणि तंतुमय असतात, त्यांना मातीत हवा लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ओल आहे पण बोटाला चिखल लागत नाही, ती स्थिती कुंडीत कायम राहिली पाहिजे.

त्यासाठी माझं प्रमाण असं: एक भाग पोयटा माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग रवाळ काहीतरी. हे रवाळ काय घ्यायचं तर नदीची बारीक वाळू नको. ती मातीचे कण आणखी घट्ट बसवते. बांधकामावर वाळू चाळून झाली की चाळणीवर जे मुगाएवढे खडे उरतात ते मागून आणा, सहसा कोणी पैसे घेत नाही. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर दोन पाण्यांतून धुऊन तिची भुकटी काढून टाका. विटांचा चुराही चालतो, पण ज्वारीच्या दाण्याएवढा, पूड नको. निव्वळ काळी मातीच हाताशी असेल तर रवाळ भाग दुप्पट करा आणि थोडं कोकोपीट घाला. कुंडी पंधरा किलोची होईल अशी गच्चीवाल्यांना धास्ती असते. त्यांनी खड्यांऐवजी परलाइट (पांढरे, अगदी हलके खनिज दाणे) वापरावं, महाग पडतं पण वजन वाचतं.

रोप लावताना आणखी एक गोष्ट. पिशवीतला मातीचा गोळा कुंडीच्या मातीपेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर वर राहील असं लावा आणि उघड्या मानेभोवती बारीक खडीचा बोटभर थर पसरा. पानं मातीला न टेकता खडीला टेकतात, पाणी लगेच खाली उतरतं आणि मान कोरडी राहते. खडीऐवजी पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरण्याची सवय आपल्याकडे आहे. इतर झाडांना ते उत्तम, याला अजिबात नको.

कुंडी केवढी? मातीची की प्लास्टिकची?

सहा इंची कुंडीत एक रोप, दहा इंचीत तीन. खोली सहा इंच पुरते, त्यामुळे ग्रिलला अडकवायच्या लांबट ट्रेमध्ये ही रोपं छान बसतात. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. मातीची कुंडी केव्हाही सरस.

पाणी किती आणि कधी?

"रोज एक मग" हे उत्तर कोणी दिलं तर ऐकू नका. खडी बाजूला करून बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत द्या, ओलं लागलं तर निघून या. डिसेंबर-जानेवारीत प्लास्टिकच्या कुंडीला दोन-तीन दिवसांआड पुरतं, मार्चमध्ये मातीच्या कुंडीला रोजही लागेल. सकाळी द्यावं, झारीचा फवारा काढून नळीनं मातीवर द्यावं, फुलांवर आणि पानांवर नको. कुंडीखाली बशी ठेवायची असेल तर अर्ध्या तासानं ती ओतून टाका.

कालपर्यंत ठीक होतं, आज एक बाजू एकदम वाळली. काय झालं?

पहिला संशय मानकुजीवर. मातीलगतचं खोड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. साल सुटून हातात आली आणि आत तपकिरी दिसलं तर बुरशीनं मान खाल्ली आहे. रोप वाचण्याची शक्यता कमी, पण एखादी फांदी अजून ताठ असेल तर आजच तिची छाट काटून लावा. शेजारच्या कुंड्यांचं पाणी चार दिवस थांबवा, मानेजवळची माती हाताने दूर करा आणि एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून मातीत ओता. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर दोन्ही एकाच वेळी देऊ नका, तांब्याचं औषध त्या उपयोगी बुरशीलाही मारतं.

मान टणक आहे आणि तरीही एका बाजूची पानं फिकट होऊन वाळत चालली आहेत, तर वाळलेली फांदी तिरकी कापून बघा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर. यावर घरगुती इलाज नाही. रोप मुळासकट उपटा, कंपोस्टमध्ये न टाकता कचरागाडीत द्या आणि कात्री स्पिरिटनं पुसा.

ऊन किती लागतं? आमची गॅलरी पूर्वेला आहे.

निदान पाच तास. पूर्वेची गॅलरी हिवाळ्यात चालेल, दक्षिणेची आणखी चांगली. उत्तरेच्या गॅलरीत रोप लांबट, पोपटी आणि बिनफुलांचं होईल. मार्च लागला की मात्र पूर्वेचीच जागा सगळ्यांत मोलाची ठरते: सकाळचं ऊन, दुपारी सावली.

खत काय द्यावं?

कमी. तासगावच्या द्राक्षबागेतल्या माणसाला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) समजावून सांगायला नको, पण तोही बागेच्या सवयीनं कुंडीत मूठभर टाकतो. डायन्थसला एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती ओली असताना, एवढंच. कळ्या दिसल्या की त्याऐवजी १३:००:४५ (पालाश जास्त असलेलं) तितक्याच प्रमाणात. युरिया आणि ताजं शेण नको. रोप रसरशीत, ढिलं वाढतं, मधोमध फाकतं आणि मावा त्यावर तुटून पडतो. फक्त सेंद्रियवर चालवायचं असेल तर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत आणि चिमूटभर चुलीची राख पुरते.

पहिला बहर झकास आला, मग फुलं थांबली.

सुकलेली फुलं तशीच ठेवली असतील. फूल सुकलं की त्याच्या नळीसारख्या हिरव्या पुष्पकोशात बी धरायला सुरुवात होते आणि रोपाच्या लेखी काम संपतं. फक्त पाकळ्या ओढून काढल्या तर उपयोग नाही, नळी मागे राहते. दांडा खाली पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. दर चार-पाच दिवसांनी छोटी कात्री घेऊन बसायचं. सगळाच बहर एकदम ओसरला असेल तर रोपाचा वरचा एक तृतीयांश भाग सरळ कापून टाका आणि १९:१९:१९ चं एक पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरून येतं.

कीड कोणती पडते?

मावा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोवळ्या शेंड्यांवर येतो. पाण्याच्या झोतानं धुऊन काढा, तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी. पाकळ्यांवर पांढुरके चट्टे आणि फूल अर्धवट उमललेलं दिसलं तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर फूल झटका, रेघोट्यांसारखे बारीक किडे पळताना दिसतील. उपाय तोच.

कळीला गोल भोक दिसलं तर मात्र फवारणीच्या आधी कळी फोडून बघा. आत हरभऱ्यावरचीच घाटेअळी असते. कार्नेशन कुळावर ती आवडीनं येते, आणि ज्यांच्या घराशेजारी हरभरा-तुरीचं रान आहे त्यांना तिची भेट होणारच. घरच्या दहा-वीस कुंड्यांना औषध कशाला, सकाळी फिरून हातानं वेचा.

मार्चपासून लाल कोळी. पानं धुरकट, फिकट ठिपक्यांची होतात, पुढे बारीक जाळी दिसते. पानांच्या खालून पाणी मारणं या एका वेळी चालतं, पण सकाळी लवकर, म्हणजे दुपारपर्यंत रोप कोरडं होईल. पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला हाही खात्रीचा उपाय, फक्त कडक उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

आमच्या जुन्या घरात दगडी डोण पडून आहे. त्यात लावता येईल?

याहून सुंदर जागा नाही! युरोपातले डोंगरी झाडांचे शौकीन जनावरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोण्या शोधून शोधून आणतात आणि त्यांत इवल्याशा डायन्थसची बाग करतात. दगडी डोण मिळाली नाही तर सिमेंट, कोकोपीट आणि परलाइट कालवून तशा दिसणाऱ्या कुंड्या ओततात. आपल्याकडे साताऱ्या-वाईच्या जुन्या वाड्यांतून काळ्या पाषाणाच्या डोण्या, फुटकी उखळं परसात पडलेली असतात.

बुडाला निदान दोन भोकं पाडून घ्या. घरी हातोडी मारत बसू नका, दगड चिरेल. पाथरवट किंवा ड्रिल मशीनवाला बोलवा. डोण दोन विटांवर उचलून ठेवा, भोकांवर खापऱ्या ठेवा आणि वर सांगितलेलं मिश्रण भरा, यात रवाळ भाग निम्म्यापर्यंत वाढवा. मग तीन-चार ओबडधोबड दगड एक तृतीयांश मातीत गाडून, थोडे मागे कलते बसवा आणि रोपं त्यांच्या खाचेत लावा. दगडाखाली मुळांना गारवा राहतो, वर मान कोरडी राहते. डोण शेवटी जिथे ठेवायची तिथेच भरा, भरल्यावर चौघांनाही हलत नाही. फुटक्या उखळात मात्र भोक पाडता येत नसेल तर लावू नका.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रोप टिकवता येतं का?

येतं, पण सगळीच रोपं टिकवण्याचा अट्टहास करू नका. पाडव्याच्या सुमारास रोप निम्मं कापा, पूर्वेच्या बाजूला किंवा ५० टक्के शेडनेटखाली हलवा, खत बंद करा. वळवाचे पाऊस सुरू झाले की छपराखाली, पागोळ्या पडणार नाहीत पण वारा लागेल अशा जागी. जून ते सप्टेंबर फक्त बोटानं तपासून पाणी. काही रोपं यातून निघतात आणि दसऱ्याला जोमानं फुटतात, काही जातात. चिनी डायन्थस तसाही फार दीर्घायुषी नाही. मी तरी वर्षाला एखादा अतिशय आवडलेला रंग ठेवावा आणि बाकी दरवर्षी नवं लावावं याच मताची आहे.

छाट लावून रोपं वाढवता येतात का?

सहज. कळी नसलेला कोवळा फुटवा निवडा. डायन्थसच्या काडीला थोड्या थोड्या अंतरावर फुगीर पेरं असतात, प्रत्येक पेरातून समोरासमोर दोन पानं निघतात आणि त्यांची बुडं एकमेकांना चिकटून काडीभोवती बांगडी करतात. अशा पेराच्या लगेच खाली पाच-सात सेंटिमीटरची छाट कापा, खालच्या दोन जोड्या काढा आणि भरड वाळू-कोकोपीटमध्ये दोन सेंटिमीटर खोचा. सावलीत, ओलसर पण न भिजवता. तीन-चार आठवड्यांत हलकेच ओढून बघितलं तर अडकल्यासारखं वाटतं, म्हणजे मुळं धरली. नोव्हेंबर-डिसेंबर यासाठी सगळ्यांत चांगला काळ.

घरचं बी धरलं तर तसंच फूल येईल?

साध्या चिनी डायन्थसचं बरंचसं तसंच येतं, रंग थोडे मिसळतात. 'टेलस्टार'सारख्या संकरित वाणाचं नाही येत. त्यात बीही फारसं धरत नाही.

संकराचा या कुळाशी संबंध जुना आहे. लंडनमधला रोपवाटिकावाला थॉमस फेअरचाइल्ड यानं १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम यांचा मुद्दाम संकर केला. माणसानं ठरवून केलेला वनस्पतींचा पहिला नोंदलेला संकर म्हणून तो ओळखला जातो. ते झाड वांझ निघालं, म्हणून लोक त्याला फेअरचाइल्डचं खेचर म्हणायचे.

बी धरायचं असेल तर एक-दोनच फुलं ठेवा. नळी वाळून गवती रंगाची झाली की तिच्या आतल्या बोंडाचं तोंड चार दातांनी उघडतं आणि आत काळं बी दिसतं. त्या वेळी दांडा न हलवता कापून पाकिटात उलटा करा; वाऱ्याची वाट बघितली तर बी शेजारच्या गच्चीवर.

वास येतो का?

चिनी डायन्थसला जवळजवळ नाही. लवंगेसारखा सुंदर वास आहे तो कार्नेशनला आणि काही डोंगरी जातींना. लवंगेत असतं तेच युजेनॉल त्यांच्यात असतं.

महाबळेश्वर-पाचगणीला लावलं तर अधिक चांगलं येईल ना, थंडी आहे म्हणून?

नोव्हेंबर ते मे नक्कीच. साताऱ्यात मार्चला दमणारं रोप तिथे एप्रिल-मेपर्यंत फुलतं, आणि डोंगरी जाती करून बघायच्या तर तिथेच. दोन अडचणी आहेत. जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते, म्हणून दहा इंची कुंडीला चमचाभर डोलोमाइट (चुनखडीसारख्या दगडाची भुकटी) मिसळा. दुसरं, तिथला पाऊस सरासरी पाच हजार मिलिमीटरच्याही वर; जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या छपराखाली गेल्याच पाहिजेत. जमिनीत लावलेलं रोप पावसाळा काढणार नाही.

कासच्या पठारावर पातळ मातीत इतकी फुलं येतात. तिथली माती आणून लावलं तर? किंवा तिथे बी टाकलं तर?

दोन्हीला स्पष्ट नाही. कासवरचा तेरडा, कवळा, सीतेची आसवं ही पावसाळी फुलं आहेत, खडकावरच्या ओलीवर जगणारी. डायन्थसच्या गरजेच्या अगदी उलट. शिवाय ते पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली चिमूटभर मातीही घरी आणू नये आणि बाहेरचं एकही बी तिथे पडू देऊ नये. हौस आपल्या गच्चीवर भागवा.

देवाला वाहिली तर चालतात का? आणि घरात मांजर आहे.

देवाला खुशाल वाहा. दांडा आखूड असतो, म्हणून हारापेक्षा तबकात किंवा पाण्याच्या वाटीत शोभतात. वाटीत तीन-चार दिवस सहज राहतात. पाकळ्या खाण्यासारख्या असतात, बुडाशी पांढरा कडू भाग असतो तो काढावा लागतो, पण नर्सरीतल्या रोपावर काय फवारलंय ते कळायला मार्ग नसतो. स्वतः बियांपासून वाढवलेल्याचीच फुलं पानात घ्या. मांजर-कुत्र्यानं पानं चघळली तर पोट बिघडू शकतं; गंभीर विषारी नाही, तरी कुंडी उंचावर ठेवलेली बरी.

हंगाम संपल्यावर कुंडीतली माती पुन्हा वापरायची का?

रोप निरोगी असेल तर वापरा, पण त्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी डायन्थस नको. मेमध्ये माती गच्चीवर वीतभर जाडीनं पसरा, ओली करा आणि पारदर्शक प्लास्टिकनं चारही कडा दाबून झाका. साताऱ्या-सांगलीच्या उन्हात चार-सहा आठवड्यांत बरीच बुरशी आणि तणाचं बी मरतं. पावसाच्या आधी गोणीत भरून ठेवा. दसऱ्याला त्यात नवं गांडूळ खत आणि ट्रायकोडर्मा मिसळा. फ्युजेरियमच्या मरीनं गेलेल्या रोपाची माती वेगळी काढून ठेवा. डायन्थसला मारणारा तो प्रकार बहुतेक याच कुळापुरता असतो, त्यामुळे त्या मातीत मेथी-कोथिंबीर लावायला हरकत नाही.